बरा दिवस घरी ठेवून या

अप्पांचा अर्ज मंजूर झाला. पहिल्याच फेरीत, एकही शेरा न पडता, तहहयात. असं आमच्याकडे सहसा होत नाही. गेल्या वर्षी एका गृहस्थांचा अर्ज ते वारल्यानंतर 'प्रकृतीत सुधारणा नाही' या कारणावरून मंजूर झाला होता, तेवढंच काय ते. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "याला म्हणतात अर्ज."

आता हे सगळं विसरा. पत्र आलेलं नाही. मास्तर काही बोललेले नाहीत. सकाळचे साडेदहा वाजलेत, भत्ता कार्यालयासमोरच्या गाळ्यात माझ्या टेबलापलीकडे माझे वडील बसलेत आणि उजव्या हाताने शर्टाची वरून दुसरी गुंडी लावताहेत. त्यांना अजून लावता येते.

"लागली," अप्पा म्हणाले.

लागली होती. चार मिनिटं दहा सेकंद. तेवढ्या वेळात शेजारच्या झेरॉक्सवाल्याने एका म्हाताऱ्याच्या अख्ख्या आयुष्याच्या तीन-तीन प्रती काढून दिल्या होत्या. मी अर्जात पाहिलं. कलम अकरा : अर्जदारास स्वतःच्या कपड्यांच्या गुंड्या लावता येतात काय? मी लिहिलं, 'नाही'.

अप्पांनी खिशातून भिंग काढलं आणि ओळीवर धरलं.

"छटाक, हे काय लिहिलंस?"

छटाक म्हणजे मी. जन्मले तेव्हा एवढीशी होते की अप्पांनी मला आधी दुकानातल्या तराजूत घातलं आणि मग पाळण्यात. अप्पा तराजू दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं. सगळ्या बाजाराचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. काटा मध्यावर आहे की केसभर डावीकडे, हे त्यांना दारातून कळायचं, आणि केसभर डावीकडे असला तर जेवण गोड लागायचं नाही. आमच्या घरात खोटं बोलायला बंदी नव्हती. खोट्याला वजनच नव्हतं, त्यामुळे ते कुणी पारड्यात घालायचं नाही, इतकंच.

दीड वर्षापूर्वी दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या हातातला पेचकस खाली पडला. तो उचलायला त्यांनी हात खाली केला आणि हात खालीच राहिला. सौम्य झटका, असं डॉक्टर म्हणाले. सौम्य हा शब्द डॉक्टर फार सढळ हाताने वापरतात. मग व्यायाम आला, दाबायचा रबरी चेंडू आला, आणि हळूहळू उजवा हात आणि उजवा पाय परत आले, पण पाहुण्यासारखे. कधी मुक्कामाला, कधी उभ्या उभ्या. बरा दिवस असला की अप्पा काठी न घेता दोन मजले उतरून भाजी आणत. वाईट दिवस असला की पेला ओठापर्यंत जात नसे. दुकान बंद झालं. घर माझ्या टेबलावर आलं, आणि माझं टेबल म्हणजे आईच्या चपलेसारखं, एकीकडून शिवलं की दुसरीकडून उसवणारं. औषधं चालू ठेवायची तर भत्ता हवा होता. भत्त्याला चाळीस टक्के अपंगत्व लागतं. बऱ्या दिवशी अप्पा तिसाच्या आसपास भरले असते.

माझा धंदा लोकांना चाळिसाच्या वर नेण्याचा.

हा धंदा मला मास्तरांनी शिकवला. मास्तर तीस वर्षं समोरच्या कार्यालयात बसून अर्ज फेटाळत होते. निवृत्त झाले, रस्ता ओलांडला, आणि आता अर्ज फेटाळले कसे जाणार नाहीत ते शिकवतात. दोन्हीकडे अक्षर तेच, चष्मा तोच. त्यांचं म्हणणं, लोक अपंगत्वामुळे मार खात नाहीत, सभ्यपणामुळे खातात. एक रंगारी होता, एक पाय गेलेला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी सवयीने विचारलं, काय, कसं काय? हा म्हणाला, मजेत. डॉक्टरांनी लिहिलं, 'अर्जदार मजेत आहे.' एका बाईंच्या पाठीचे दोन मणके सरकलेले. तपासणाऱ्याचं पेन खाली पडलं आणि बाईंनी वाकून उचलून दिलं. संस्कार. अर्ज तिथेच संपला. लोक तपासणीला इस्त्रीचे कपडे घालून, केस बसवून, मुलगी बघायला चालल्यासारखे जातात. म्हणून मास्तरांनी गाळ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय : बरा दिवस घरी ठेवून या.

यात खोटं काही नसतं. माणसाचा सगळ्यात वाईट दिवस शोधायचा आणि तो रोजचा म्हणून लिहायचा. दिवस खराच असतो, फक्त एकटा असतो. आपण त्याला सोबत देतो. हे मी दिवसातून वीस वेळा सांगते. सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने करते, काय काय अवघड जातं? त्यावरून लोक मला अवघडताई म्हणतात. पत्ता विचारतानाही तसंच. अवघडताई कुठे बसतात?

अप्पांनाही मी हेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पारड्याखाली चुंबक लावायचं," ते म्हणाले.

"चुंबक नाही हो. अप्पा, गेल्या महिन्यातला तो सोमवार आठवतो का?"

त्यांना आठवत होता. आम्हा सगळ्यांनाच. त्या सोमवारी त्यांना गुंडी लागली नव्हती, घास धरवला नव्हता, दाराच्या उंबऱ्यावरून पाय उचलवला नव्हता. संध्याकाळी मी घरी आले तर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बसा ताई, हे येतीलच इतक्यात." 'हे' म्हणजे कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मंगळवारी सकाळी सगळं जागेवर. छटाक, माझं भिंग कुठंय, म्हणून हाक.

"तो दिवस खरा होता ना?" मी विचारलं.

"खरा होता."

"मग झालं."

अप्पा भिंतीवरची पाटी वाचत बसले. मी अर्ज पुरा केला. तेवीस कलमं, त्यांपैकी अकरांना 'नाही'. फक्त कलम विसाला माझा हात अडला. अर्जदारास घरातील व्यक्तींना ओळखून हाक मारता येते काय? मी लिहिलं, 'कधी कधी अडचण येते.' मास्तर चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांनी कप ठेवला, माझं पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. 'कधी कधी' हा शब्द आत कुणी वाचत नाही, म्हणाले. तीस वर्षांत मीही वाचला नव्हता. वर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'नाही'.

शेवटी सहीची जागा आली. अप्पांनी पेन उचललं. अप्पांचं अक्षर म्हणजे बाजारातल्या पितळी वजनांवर कोरलेलं अक्षर. झटक्यानंतरही बऱ्या दिवशी सही जशीच्या तशी यायची, आणि तो दिवस बरा होता.

मी म्हटलं, "अप्पा, कलम नऊ."

कलम नऊ लिहिता येण्याबद्दल होतं. अप्पांनी पेन खाली ठेवलं. मी शाईचा ठोकळा पुढे केला. त्यांनी अंगठा दिला, मग गाळ्यामागच्या नळावर जाऊन तो धुतला, पाणी बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि पुन्हा धुतला. परत आले तेव्हा अर्जाची झेरॉक्स मागितली. कशाला, म्हटलं. "माप जवळ असलेलं बरं," म्हणाले.

अर्ज आत देऊन आम्ही दोघं घरी आलो. घर दुसऱ्या मजल्यावर. अप्पा सकाळी तोच जिना स्वतःच्या पायांनी उतरले होते, एका हाताने कठडा धरून, दर आठ पायऱ्यांनी थांबून. आता पहिल्या पायरीपाशी उभे राहिले.

"कलम चौदा," ते म्हणाले.

कलम चौदा म्हणजे जिना. मी म्हटलं, अप्पा, इथे कोण बघतंय? चला हळूहळू. अप्पा हलले नाहीत. सकाळी अर्ज नव्हता, म्हणाले, आता आहे. त्यांना विनोदाची सवय नव्हती, त्यामुळे मी हसावं की नाही ते मला कळेना. खालच्या फर्निचरच्या दुकानातले दोन हमाल कपाट चढवून रिकामे झाले होते. अप्पांनी त्यांना बोलावलं, दुकानातली एक खुर्ची मागून घेतली आणि तिच्यात बसले. हमालांनी खुर्ची उचलली. पहिल्या वळणावर पुढचा हमाल दम घेत म्हणाला, "काका, पाय दिसताहेत की चांगले."

"आहेत ना," अप्पा म्हणाले. "अर्जात नाहीत."

पहिल्या मजल्यावरची मावशी दार उघडून बाहेर आली. वरात बघून घाबरली. दुखणं वाढलं का हो? अप्पांनी खुर्चीतूनच हात जोडायला घेतले, मग उजवा हात परत मांडीवर ठेवला आणि डाव्याने नमस्कार करून सांगितलं की दुखणं नाही, अर्ज केलाय. मावशी म्हणाली, देव पाठीशी आहे. कुणाच्या, ते तिने सांगितलं नाही.

त्यानंतर अप्पा तो जिना एकदाच उतरले, तपासणीच्या दिवशी. तेही त्याच खुर्चीत.

तपासणीचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांना त्या दिवशी साठ माणसं बघायची होती. उजवा हात खांद्यापर्यंत उचला, त्यांनी सांगितलं. मी दारात उभी होते. अर्ज देण्याच्या आदल्या आठवड्यात अप्पांनी त्याच हाताने माळ्यावरून टोपलं काढलं होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, नको, अप्पा, नको. हात पोटाशी आला आणि थांबला. एवढाच? डॉक्टरांनी विचारलं. मूठ वळा. अर्धी वळली. घरातली माणसं ओळखता का? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. बेचाळीस टक्के.

बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी दोन कप चहा सांगितला. अप्पा, काय बेमालूम केलंत, म्हटलं. चाळीस वर्षं नाटकात काम करायचं सोडून काटे कसले दुरुस्त करत बसलात.

अप्पा आपल्या हाताकडे बघत होते.

"मी थांबवला का तो थांबला," ते म्हणाले, "ते मला नीट कळलं नाही."

मी तेव्हा हसले. ते हसणं मी अजून परत घेतलेलं नाही, कारण तसा अर्ज नाही.

यानंतर पडताळणी असते. तपासणी झाली की कार्यालयाचा माणूस घरी येऊन बघून जातो. कधी येणार ते सांगत नाहीत. दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने. या काळात आम्ही लोकांना एवढंच सांगतो की दाराची कडी वाजली की पलंगावर जाऊन बसा. लोक तसं करतात. आमच्या एका दम्याच्या आजोबांना दूधवाल्यापुढेही खोकायची सवय लागली होती.

अप्पांनी कडी वाजायची वाट पाहिली नाही. अर्जाची झेरॉक्स त्यांनी भिंतीला चिकटवली. दुकान बंद केलं तेव्हा एक जुना पितळी तराजू घरी आणला होता, तो फळीवर असायचा. त्याच्या बरोबर वर हा कागद. सकाळी उठले की भिंग घेऊन कागद वरून खाली वाचायचे, आणि मग दिवस त्याप्रमाणे. गुंड्या आई लावायची. घास आई भरवायची. रबरी चेंडू त्यांनी खणात टाकला. व्यायामाने फरक पडला तर, म्हणाले, अर्ज हलका पडेल.

आई पहिले काही दिवस कौतुकाने करत होती. मग एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अगं, यांचा हात जड लागायला लागलाय. शर्टाच्या बाहीत घालताना. मुद्दाम धरलेला हात वेगळा लागतो."

मी म्हटलं, आई, काहीतरीच काय. आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघाले. ऑफिस म्हणजे एक टेबल, त्याला उशीर कसला.

त्या तराजूचं एक होतं. खालच्या रस्त्यावरून दिवसभर अवजड गाड्या जायच्या, इमारत थरथरायची आणि काटा केसभर सरकायचा. दांडीच्या टोकाला वाटाण्याएवढा एक स्क्रू असतो, तो अर्धा फेरा फिरवला की काटा पुन्हा मध्यावर. अप्पा बऱ्या दिवशी सकाळी उठून तेवढं करायचे. त्यांची पूजा म्हणा. आता कलम सतरा आडवं आलं. उजव्या हाताने लहान वस्तू धरता वा फिरवता येते काय? नाही. डाव्या हाताने करा की, मी सुचवलं. डावा अजून शिकाऊ आहे, म्हणाले. मग मी करते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. काटा डावीकडे झुकत गेला. घरातल्या सगळ्यांना तो दिसत होता. आमच्याकडे कधी कुणी मेलं असतं आणि त्याला झाकलं नसतं, तर असं वाटलं असतं.

एका रविवारी मी अर्जाची झेरॉक्स भिंतीवरून काढायला गेले. म्हटलं, पुरे झालं. कुणी बघत नसताना कशाला चालवलंय हे?

"कुणी बघत नसलं की तराजू खोटं तोलतो का?" अप्पा म्हणाले.

मी कागद होता तसा राहू दिला. मी अर्ज लिहिला होता तो माणसाला कागदावर आणण्यासाठी. अप्पांची चाळीस वर्षांची सवय वेगळी होती. दोन गोष्टी जुळत नसल्या की जी हलते ती जुळवून घ्यायची. आणि अर्जावर तर शिक्का पडला होता, तो काही हलणार नव्हता.

पडताळणीवाले साहेब एका मंगळवारी दुपारी आले. मी जेवायला घरी आले होते. साहेब जाडजूड, घामाघूम, स्वभावाने अतिशय नम्र. या जातीचे सगळ्यात वाईट. त्यांनी पाणी मागितलं, खुर्चीवर बसले, कागद गुडघ्यावर पसरले. भिंतीवर तेच कागद बघून खूश झाले. अशी शिस्त सगळ्यांना हवी, म्हणाले. एकेक कलम विचारत गेले, अप्पा 'नाही' म्हणत गेले, आणि साहेब खुणा करत गेले. आई दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

दहा 'नाही' झाले. मग साहेबांनी कागद बाजूला ठेवले आणि फळीकडे पाहून म्हणाले, वा, काय वस्तू आहे. आमच्या आजोबांच्या दुकानात असाच होता. उठले, तराजूजवळ गेले आणि एका पारड्याला बोट लावलं. काटा हेलकावे खात राहिला आणि शेवटी थांबला, मध्यापासून चांगला बोटभर डावीकडे.

"बिघडलाय वाटतं," साहेब म्हणाले. "हा स्क्रू फिरवायचा असतो ना?" आणि त्यांनी स्क्रू फिरवला. उलट्या बाजूला.

हे ते मुद्दाम करत होते. मला ठाऊक होतं. मास्तरांनीच कधीकाळी ही युक्ती आत सुरू केली होती. शिंप्यापुढे सुई पाडायची, स्वयंपाकिणीपुढे दूध उतू जाऊ द्यायचं. माणूस विसरतो, हात विसरत नाही. अप्पांच्या समोर, हाताच्या अंतरावर, एक माणूस चांगला तराजू बिघडवत होता. चाळीस वर्षांत असं करणाऱ्याचा हात अप्पांनी वरच्यावर धरला असता. आई आणि मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. साहेब पाठमोरे होते, पण फळीशेजारच्या तसबिरीच्या काचेत तेही बघत होते.

हात मांडीवर होता. तिथेच राहिला. बोटसुद्धा हललं नाही. साहेबांनी स्क्रू अजून एक फेरा उलटा फिरवला, काटा पार कडेला टेकला, तरी हात तिथेच.

साहेब वळले, हसले, अकरावी खूण केली. "आयुष्यभरासाठी शिफारस करतो," म्हणाले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले. परत आले तेव्हा आई डोळे पुसत होती.

"थोर आहात हो," ती अप्पांना म्हणाली. "माझाच हात शिवशिवत होता. कसा आवरलात?"

अप्पा तराजूकडे बघत होते.

"आवरला नाही," ते म्हणाले. "मी धरायला गेलो होतो साहेबांचा हात."

तर असा अर्ज मंजूर झाला. पत्र आलं, मास्तर बोलले ते बोलले, मी वाटेत थांबून पत्र पुन्हा वाचलं. शेवटी अट असते, आमच्या सगळ्यांना तोंडपाठ : प्रकृतीत सुधारणा झाल्यास तीस दिवसांत कळवणे बंधनकारक. ही अट आजवर मी कुणाला मोठ्याने वाचून दाखवली नव्हती, कारण गरज पडली नव्हती.

आम्ही डॉक्टरांना घरी आणलं. तपासणीचे नव्हेत, आमचे जुने. त्यांनी हात वळवून बघितला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, व्यायाम कुणी बंद केला? आई पदर सारखा करू लागली. स्नायू आखडलेत, म्हणाले, पण आत्ता सुरू केलं तर काही परत येईल. सगळं नाही. काही. मी खणातून चेंडू काढून अप्पांच्या तळहातावर ठेवला. अप्पांनी डाव्या हाताने तो उचलून मला परत दिला.

"कळवावं लागेल," ते म्हणाले. "मग बंद होईल. मग औषध कुठून आणशील?"

नाही कळवायचं, मी म्हटलं. कुणाला समजणार आहे? हे म्हणताना मला स्वतःचाच आवाज गाळ्यातला वाटला. अप्पांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. जीभ हल्ली जड पडायची, शब्द शोधायला वेळ लागायचा.

"रीतसर परवानगी आण," ते शेवटी म्हणाले. "लेखी. मग दाबतो चेंडू." आणि थोडं थांबून, अगदी आमच्या गाळ्यावर येणारी माणसं बोलतात तशा अदबीने, "तुम्हाला येतं ना अर्ज लिहिता, ताई?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत काही खोडी आहे का, कलम वीस पाळताहेत का, की सोमवार परत आलाय आणि या वेळी मुक्कामाला. विचारता आलं असतं. मी कोण, अप्पा? तीन शब्द. लोकांना मी दिवसभर याहून वाईट प्रश्न विचारते. पण समजा त्यांनी खरं उत्तर दिलं असतं तर. अप्पा खरंच उत्तर देतात.

आई म्हणाली, अहो, ही कोण ते तुम्हाला... आणि मी तिला हाताने थांबवलं. येतं ना, म्हटलं. अर्ज येतो लिहिता.

त्याला आता पाच महिने होतील. तेव्हापासून घरात मला ताईच म्हणतात. अदबीने बोलतात. मी आले की बसा म्हणतात.

अशा परवानगीचा छापील नमुना नाही. मास्तरांना विचारलं, त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की असा अर्ज आत असताना त्यांच्याकडे आला असता तर कोणत्या फायलीत लावायचा हेच त्यांना कळलं नसतं, म्हणून त्यांनी तो फेटाळला असता. मग गिऱ्हाईक नाहीसं बघून म्हणाले, लिही तरी. कोऱ्या कागदावर लिहिला. आत खिडकीवरच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, शिक्का कुठे मारायचा ते विचारलं आणि परत दिला. मी दर महिन्याला तारीख बदलून नेते. प्रत सोबत जोडत आहे.

मा. भत्ता अधिकारी यांस,

विषय : अर्जदारास दरमहा एक बरा दिवस मंजूर करण्याबाबत.

वरील विषयी विनंती की, अर्जदार हे आपल्या कार्यालयाचे तहहयात लाभार्थी असून मंजूर अर्जातील एकूण एक 'नाही' त्यांनी आजपावेतो प्रामाणिकपणे पाळला आहे. तरी त्यांना दरमहा एक दिवस, सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळेत, बरे असण्याची परवानगी मिळावी. सदर दिवशी अर्जदार शर्टाची एक गुंडी लावतील (कलम ११), एक जिना उतरून चढतील (कलम १४), घरातील तराजूचा स्क्रू जेवढा उलटा फिरवला गेला आहे तेवढा सुलटा फिरवतील (कलम १७), आणि कन्येस 'छटाक' अशी एक हाक मारतील (कलम २०). सदर दिवस सुधारणा म्हणून धरण्यात येऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदार पूर्ववत होतील याची हमी कन्या देत आहे.

तसेच सदर मंजुरी मागील तारखेपासून, म्हणजे कलम अकरासमोर 'नाही' लिहिले त्याच्या आदल्या दिवसापासून, लागू करावी, ही नम्र विनंती.